बांधकामाचा तंटा आणि तज्ज्ञाचा शब्द

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात आणि रुळांच्या दोन्ही अंगांना परांची बांधलेल्या इमारती दिसत राहतात. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव. लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले आणि १९४९ साली नाव मिळालेले. अंबरनाथ कारखान्यांचे. बदलापूर कालपरवापर्यंत भातशेतीचे. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. मुंबई-ठाण्यात ज्याला घर परवडत नाही तो इथे येतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेले दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज एवढ्यावर त्याचे दोन खोल्यांचे घर उभे राहते. त्या घराच्या बांधकामावरून तंटा झाला तर तो तंटा हरणे त्याला परवडत नाही; आणि लांबणे तर त्याहून परवडत नाही.

या पट्ट्यातली बांधकामे मी गेली अनेक वर्षे जवळून पाहतो आहे, तंटेही पाहतो आहे. जमीनमालक आणि कंत्राटदार, सदनिकाधारक आणि बिल्डर, सोसायटी आणि दुरुस्तीचा ठेकेदार अशा जोड्या बदलतात. भांडणाचा गाभा मात्र बहुतेक वेळा एकच असतो. काम किती झाले, कसे झाले आणि त्याचे पैसे किती? हा प्रश्न कायद्याचा नाही, मोजपट्टीचा आहे. तरीही तो आपण वकिलाकडे नेतो, वकील तो न्यायालयात नेतो आणि न्यायालय अखेर एखाद्या अभियंत्यालाच विचारते. मग अभियंत्याला आधीच का विचारू नये? आणि दोघांनी मिळून विचारायचे, तर ‘तो सांगेल ते दोघांनाही मान्य’ असे करारातच का लिहू नये? याला बंधनकारक तज्ज्ञ-निर्णय म्हणतात. ही पद्धत या तीन गावांना फार उपयोगाची आहे असे माझे मत आहे. मात्र ती डोळे झाकून स्वीकारण्यासारखी नाही, हेही तितकेच खरे.

भांडण नेमके कशाचे?

एक साधे उदाहरण घेऊ. गिलाव्याचे बिल करताना खिडकीची जागा वजा करायची की नाही? कंत्राटदार म्हणतो, खिडकीच्या कडांना गिलावा करावाच लागतो, तेव्हा वजावट नको. मालक म्हणतो, भिंतीला आतून-बाहेरून गिलावा आहे, तर खिडकीची जागा दोन्ही अंगांनी वजा करा. समजा चार बाय चार फुटांच्या शंभर खिडक्या आहेत आणि दर चौरस फुटाला चाळीस रुपये आहे. मालकाच्या हिशेबाने ३२०० चौरस फूट कमी होतात, कंत्राटदाराच्या हिशेबाने शून्य. दोघांत १ लाख २८ हजार रुपयांचे अंतर पडते आणि त्यावरून शेवटचे बिल अडते.

या प्रश्नाचे उत्तर छापलेले आहे. मोजमापाचे भारतीय मानक, आयएस १२००, सांगते की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट करू नये. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघाडीसाठी, दोन्ही अंगांना सारखाच गिलावा असेल तर, एकाच अंगाची वजावट करावी आणि कडांचे वेगळे मोजू नये. आपली खिडकी भरते दीड चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे वजावट १६०० चौरस फुटांची. मालकही अर्धा चुकला, कंत्राटदारही अर्धा चुकला. जाणकार माणसाला हे सांगायला एक दुपार पुरते. दिवाणी दाव्यात याच गोष्टीला किती वर्षे लागतील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अशीच बाकीची भांडणे. स्लॅबची जाडी नकाशाप्रमाणे आहे काय? कॉंक्रीटच्या ठोकळ्यांची अठ्ठावीस दिवसांची चाचणी बसली की नापास झाली? ‘जादा काम’ म्हणून लावलेली रक्कम खरोखर जादा कामाची आहे, की ते मूळ कामातच धरलेले होते? आणि बदलापूरचे म्हणून एक खास भांडण. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले. त्यानंतर तळमजल्याच्या भिंतींना ओल आली, गिलावा सुटला. हा पुराचा परिणाम की मुळातल्या निकृष्ट कामाचा? सदनिकाधारक एक म्हणणार, बिल्डर दुसरे. ओल खालून चढली आहे की वरून झिरपली आहे हे भिंत सांगते. पण ती वाचता येणारा माणूस हवा.

आजच्या वाटा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. दिवाणी न्यायालयात बांधकामाचा दावा गेला की प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशातील नवव्या नियमाने न्यायालय जागेच्या पाहणीसाठी आयुक्त नेमू शकते. तो आयुक्त म्हणजे बहुधा एखादा अभियंताच. त्याचा अहवाल येतो, त्यावर हरकती येतात, त्याची उलटतपासणी होते. तोवर इमारतीवरून दोन-तीन पावसाळे गेलेले असतात आणि ज्या दोषाचा पुरावा हवा तो दोष एकतर कुणी बुजवलेला असतो किंवा दुप्पट वाढलेला असतो.

ग्राहक आयोगाची वाट तुलनेने सोपी. १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी ही ‘सेवा’ ठरली आणि २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रार तीन महिन्यांत, चाचणीची गरज असेल तर पाच महिन्यांत, निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले. कागदावरची ही मुदत प्रत्यक्षात किती पाळली जाते हे तक्रारदारांना विचारावे. शिवाय ही वाट ग्राहकाची आहे. ज्याचे बिल मालकाने अडवून ठेवले त्या लहान कंत्राटदाराने कुठे जायचे?

२०१७ पासून महारेरा आले. त्याने बिल्डरांना शिस्त लावली हे मान्य केलेच पाहिजे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करावा, अशी त्या कायद्याच्या १४ व्या कलमात तरतूद आहे. २०१८ मध्ये महारेराने सलोखा मंचही सुरू केला. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. उल्हासनगरच्या कॅम्पांतले चिंचोळे भूखंड आठवा, म्हणजे या मर्यादेचा अर्थ कळेल. आणि मालक-कंत्राटदार हा वाद तर या कायद्याच्या कक्षेतच नाही.

उरला लवाद. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण १९९६ च्या लवाद कायद्याला जोडलेल्या चौथ्या परिशिष्टातले शुल्क पाहा. पाच लाखांपर्यंतच्या वादासाठी ४५ हजार रुपये, आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी पंचवीस टक्के. म्हणजे ५६ हजारांवर रक्कम झाली. वकिलाची फी वेगळी. सव्वा लाखाच्या गिलाव्यासाठी हा खर्च कोण करील?

कल्पना आपल्याच मातीतली

तज्ज्ञाने निर्णय द्यावा आणि तो अखेरचा असावा, ही कल्पना परदेशातून आणलेली नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यातले, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात त्यातले, सातवे कलम वाचावे. बांधकामात किंवा साहित्यात दोष आहे काय, तो दुरुस्त होण्याजोगा आहे काय आणि नसेल तर भरपाई किती, याबद्दल वाद झाला तर तो अधीक्षक अभियंत्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याकडे न्यावा, त्याने चौकशी करून निर्णय द्यावा आणि तो निर्णय अंतिम असावा, असे त्या कलमात लिहिले गेले. साठ वर्षांपूर्वी आपल्या विधिमंडळाला जे सुचले ते २०१६ च्या केंद्रीय कायद्यात मात्र उतरले नाही. त्यात दोष दुरुस्त करा असे सांगितले. हा दोषच आहे हे कोणी ठरवायचे, तिथे अभियंत्याचे नाव नाही. या तीन गावांत ज्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांशी माझे बोलणे झाले त्यांतल्या एकालाही हे सातवे कलम ठाऊक नव्हते. कायदा असून तो माहीत नसणे, यात नवल करण्यासारखे काही उरलेले नाही.

दुसरे उदाहरण धोकादायक इमारतींचे. मुंबईत एकाच इमारतीचे दोन संरचनात्मक अहवाल परस्परविरोधी आले, मालकाचा ‘पाडा’ म्हणणारा आणि भाडेकरूंचा ‘दुरुस्त करा’ म्हणणारा, तर ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. तिथेही वाद मिटतो तो अभियंत्यांच्या डोळ्यांनी.

कायद्याच्या भाषेत तज्ज्ञ आणि लवाद यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी या खटल्यात तो स्पष्ट केला. मोदी कुटुंबाने वाटणीतले मतभेद औद्योगिक वित्त महामंडळाच्या अध्यक्षांकडे सोपवले होते आणि त्यांचा निर्णय अंतिम मानला होता. न्यायालय म्हणाले, हा लवाद नव्हे, हा तज्ज्ञाचा निर्णय. लवाद न्यायाधीशासारखा दोन्ही बाजूंचे पुरावे ऐकून न्याय करतो. तज्ज्ञ स्वतः पाहतो, मोजतो, स्वतःच्या ज्ञानाने सांगतो. गावच्या पंचांपेक्षाही हा वेगळा. ‘पंचामुखी परमेश्वर’ आपण म्हणतो, उल्हासनगरच्या सिंधी समाजात मुखीच्या शब्दाला मान आहे. पण पंच आणि मुखी तडजोड घडवतात, थोडे तू सोड, थोडे तू सोड असे म्हणतात. तज्ज्ञाने तडजोड करायची नसते. स्लॅब पाच इंचांचा आहे की चारचा, यात साडेचारवर समझोता होत नसतो.

अधीक्षक अभियंत्याचा धडा

मग ही पद्धत आपल्याकडे बदनाम का झाली? याचे उत्तर सरकारी कंत्राटांत आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ निविदेतले तिसावे कलम प्रत्येक ठेकेदाराला पाठ असते. नकाशे, विनिर्देश, कामाचा दर्जा याबद्दल अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक. अधीक्षक अभियंता तज्ज्ञ असतो याबद्दल शंका नाही. पण तो पगार कोणाचा घेतो? ज्या खात्याशी ठेकेदाराचे भांडण, त्याच खात्याचा. म्हणजे निवाडा करणारा एका बाजूचाच माणूस.

न्यायालयांनी हा गुंता हळूहळू सोडवला. १९८० मध्ये टिपरचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा कलमाला लवादाचा करार म्हणता येत नाही. १९८७ मध्ये श्री रामेश्वर राइस मिल्सच्या खटल्यात सांगितले की करार कोणी मोडला हे करारातलाच एक पक्ष ठरवू शकत नाही. २०११ च्या जे. जी. इंजिनीअर्स खटल्यात तोच मुद्दा बांधकामाच्या कंत्राटाला लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर घटनापीठाने सरकारी कंत्राटांत एकाच बाजूने लवाद नेमण्याची मुभा देणारे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. हे निकाल लवादासंबंधी असोत वा खात्याच्या अधिकारासंबंधी, त्यांतला धडा एकच आहे. निर्णय अंतिम असायला हरकत नाही. निर्णय देणारा दोघांचा असला पाहिजे.

हाच रोग खासगी करारांतही आहे. बिल्डरने छापून ठेवलेल्या करारात बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘कामाच्या दर्जाबाबत प्रकल्पाच्या वास्तुविशारदाचे मत अंतिम राहील.’ तो वास्तुविशारद बिल्डरने नेमलेला, त्याची फी बिल्डर देणार. याला तज्ज्ञ-निर्णय म्हणणे म्हणजे शब्दांची फसवणूक आहे.

आक्षेप खरे आहेत

पहिला आक्षेप: तज्ज्ञ चुकला तर? इंग्लंडमध्ये १९७६ च्या कॅम्पबेल विरुद्ध एडवर्ड्स या खटल्यात दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या मूल्यमापकाने एका भाडेपट्ट्याची किंमत १० हजार पौंड ठरवली. नंतर दुसऱ्या मूल्यमापकाने ती साडेतीन हजार सांगितली. न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी निर्णय दिला की दोघांनी मिळून नेमलेल्या माणसाने प्रामाणिकपणे किंमत ठरवली असेल तर ती दोघांना बांधते. लबाडी किंवा संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. हे ऐकायला कठोर वाटते, आहेही. अंतिम निर्णयाचे मोल आपण असे चुकवतो. म्हणूनच ही पद्धत मर्यादित रकमेच्या, मोजता येणाऱ्या प्रश्नांपुरती ठेवावी. इंग्लंडने मोठ्या वादांसाठी वेगळा मार्ग काढला. १९९६ च्या कायद्याने, जो मे १९९८ पासून लागू झाला, बांधकामाच्या वादात अठ्ठावीस दिवसांत तात्पुरता निर्णय मिळतो. आधी पैसे द्या, मग हवे तर न्यायालयात किंवा लवादापुढे भांडा. काम अडत नाही आणि चूक सुधारण्याची वाटही बंद होत नाही.

दुसरा आक्षेप: निर्णय मानलाच नाही तर? लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी थेट होते. तज्ज्ञाचा निर्णय हा मुळात करारातला शब्द, तो मोडला तर पुन्हा दावाच करावा लागतो. हे खरे आहे. पण तो दावा गिलाव्याच्या मोजमापावर चालत नाही, ‘तू शब्द दिला होतास, तो पाळला नाहीस’ एवढ्यावर चालतो. आणि वादाची रक्कम आधीच दोघांच्या सह्यांच्या खात्यात ठेवली असेल तर दावा करायची वेळ क्वचितच येईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो खास या पट्ट्याचा आहे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने उल्हासनगरातल्या ८५५ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला आणि २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी राज्याला खास कायदा करावा लागला, हे वाचकांना आठवत असेल. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. एकट्या साईशक्ती इमारतीत सात माणसे गेली. अशा गावात खासगी तज्ज्ञाच्या निर्णयाआड बेकायदा मजला किंवा कच्चा खांब झाकला जाईल काय? झाकता येणार नाही, कारण बेकायदा उद्देशाचा करारच कायद्याने रद्दबातल आहे. पण व्यवहारात लोक दोघांत मिटवून गप्प बसतात. वरच्या मजल्यावर निजणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न मालक आणि कंत्राटदार या दोघांचा खासगी प्रश्न नसतो. तिथे तज्ज्ञाचा शब्द अंतिम नव्हे. तिथे त्याने पालिकेला लेखी कळवलेच पाहिजे.

काय करता येईल?

या सगळ्याचा विचार करून मला काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. करार करतानाच, म्हणजे दोघांचे अजून सख्य असताना, तज्ज्ञाचे नाव किंवा निवडीची रीत ठरवावी. एकाने तीन नावे द्यावीत, दुसऱ्याने त्यांतले एक निवडावे, एवढी साधी रीतही चालेल. त्याची फी दोघांनी निम्मी निम्मी आणि आगाऊ भरावी. मागच्या तीन वर्षांत त्याने दोहोंपैकी कोणाचेही काम घेतलेले नसावे. त्याच्याकडे फक्त मोजमाप, दर्जा, दोषाचे कारण आणि दुरुस्तीचा खर्च एवढेच प्रश्न जावेत. करार कोणी मोडला, उशीर कोणामुळे झाला, हे प्रश्न जाऊ नयेत. दोघांच्या समक्ष पाहणी, तीन आठवड्यांत लेखी निर्णय आणि निर्णयाची कारणे, या तीन अटी असाव्यात. कारणे मागितली की माणूस जपून लिहितो. रकमेची मर्यादा, समजा दहा लाख, घालावी. छापील करारावर नुसती सही करणाऱ्या सदनिकाधारकाला मात्र हे कलम नाकारण्याचा किंवा महारेराकडे जाण्याचा हक्क राहिलाच पाहिजे. तो हक्क घेणारे कलम म्हणजे बी-१ चीच खासगी आवृत्ती.

आणि तज्ज्ञ आणायचे कुठून? निवृत्त शासकीय अभियंते, अभियांत्रिकी महाविद्यालयांतले अध्यापक, परवानाधारक संरचना अभियंते कल्याणपासून बदलापूरपर्यंत पुष्कळ आहेत. उल्हासनगरची महापालिका, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिका यांनी एक यादी करून ती लावून ठेवली आणि कोणी पक्षपात केल्याचे सिद्ध झाले तर त्याचे नाव काढले, तर सरकारला एक पैसा खर्च न होता बरेच काम होईल. सोसायट्यांच्या संघांनी आणि बिल्डरांच्या संघटनांनी मिळून एका पानाचे नमुना कलम मराठीत आणि सिंधीत छापावे. मराठीतला करार वाचून सही करणारा माणूस इंग्रजी करारावर सही करणाऱ्यापेक्षा कमी फसतो, एवढा अनुभव सगळ्यांनाच आहे.

ही पद्धत आली म्हणून इमारती चांगल्या होतील असे नाही. चांगली इमारत चांगल्या कामातून होते आणि चांगले काम चांगल्या देखरेखीतून. पण आज या पट्ट्यात अडलेल्या शेवटच्या बिलापायी मुकादमाची मजुरी थकते, मजुराचे पोर शाळेतून निघते. आणि गळणाऱ्या गच्चीची दुरुस्ती ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून पडून राहते, तिच्यातल्या सळया गंजत राहतात. न्यायाची वाट पाहता पाहता स्लॅब कोसळावा, यापेक्षा सव्वा लाखाच्या वादात एखाद्या प्रामाणिक माणसाचा थोडासा चुकलेला शब्द मान्य करणे शहाणपणाचे. अट एकच: तो माणूस खरोखर दोघांचा असावा.